कागदावरची बागायत

दिवाळी संपली की वडूजमधल्या आमच्या दुकानात माणसं श्रीमंत व्हायला यायची. दुकान म्हणजे एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि खुर्चीत अण्णा, माझे वडील. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नाची बोलणी सुरू होतात आणि बोलणी सुरू करायची तर आधी बायोडाटा लागतो. मुलाचा बाप पाकिटातून फोटो काढून समोर बसायचा. अण्णा विचारायचे, "शेती किती?"

"तीन एकर."

"पाणी?"

इथं तो माणूस जरा रस्त्याकडं बघायचा. "हीर हाय की. उन्हाळ्यात आटती."

तोवर अण्णांची बोटं चाललेली असायची. शेती : तीन एकर बागायत.

पतसंस्थेतला शिपाई 'सहकार क्षेत्रात कार्यरत' व्हायचा. घरावर टाकीसाठी एक खोली चढवलेली असली की घर दुमजली. कुणी लांबचा चुलता फौजेत असला तर त्याला ओढून सख्खा करायचा. "खोटं लिव्हायचं न्हाई," अण्णा मला सांगायचे, "पर उघडंबी लिव्हायचं न्हाई." यात फसत कुणीच नसे. वाचणारा मनातल्या मनात वजाबाकी करूनच वाचायचा, कारण त्याच्या मुलीचा बायोडाटाही याच खुर्चीतून निघालेला असायचा. तालुक्याला ठाऊक असलेला खेळ होता तो. सुट्टीत मीही त्यात होते. कोपऱ्यात गणपतीचं चित्र बसवायचं आणि 'अपेक्षा : अनुरूप' असं शेवटी टाकायचं काम माझं.

आता मी सांगलीत असते. विश्रामबागेत फिजिक्सचा क्लास घेते. दसरा झाला की रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात, दोन-दोन ट्रॉल्या, वर गाण्याचा ढणढणाट, आणि त्यांच्या मागं अडकून उशिरा आलेली मुलं दारातनं डोकावतात. दिवसा ऊन चावतं आणि संध्याकाळी हवेत जरा गारवा असतो. नेमक्या याच दिवसांत एखादी मुलगी क्लास सुटल्यावरही वही भरत बसते, बाकीचे जाईपर्यंत. मला कळतं. अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज याच दिवसांत भरायचे असतात, आणि त्या अर्जात एक प्रश्न असतो, तिथं येऊन सगळ्यांची गाडी थांबते. तुम्ही आर्थिक मदत मागणार आहात का? हो किंवा नाही. एका चौकोनात खूण करायची.

प्रश्न दिसायला साधा. पण परदेशातल्या मुलानं 'हो' म्हटलं की बऱ्याच कॉलेजांत प्रवेश देतानाच ती गोष्ट विचारात घेतात. मागणाऱ्यांसाठी जागा थोड्या, स्पर्धा जास्त. 'नाही' म्हटलं तर दार जरा सहज उघडतं, पण मग आत गेल्यावर पुढची चार वर्षं तोंड उघडायचं नाही. आधी का नाही सांगितलं, असं म्हणतात ते. म्हणजे हो म्हणावं तर दारातच अडकायचं, आणि नाही म्हणावं तर आत जायला तिकिटाचेच पैसे नाहीत.

या वर्षी ती मुलगी अस्मिता आहे. वडील मिरजेच्या डेपोत कंडक्टर. रोज क्लासला येताना तिच्या वहीत जुन्या तिकिटांच्या खुणा घातलेल्या असतात. परवा तिनं तोच प्रश्न विचारला आणि मी म्हणाले, "उद्या वडिलांना घेऊन ये." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मी बारावीला होते तेव्हा हा प्रश्न मला मगदूम सरांच्या डब्यासमोर भेटला. दहावीनंतर अण्णांनी मला विश्रामबागेत होस्टेलला ठेवलं होतं. मगदूम सर आमचे फिजिक्सचे शिक्षक, घरचे द्राक्षबागायतदार, जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ते पाचच्या सुमाराला स्टाफरूममध्ये डबा उघडत आणि आम्ही तीच वेळ साधून शंका विचारायला जायचो. छाटणीच्या दिवसांत त्यांची बोटं काळसर झालेली असत. त्या बोटांनी भाकरी मोडत त्यांनी मला सांगितलं, "तू जमिनीखालच्या पाण्याबद्दल इतकं विचारतीस, ते शिकवणारी कॉलेजं तिकडं आहेत. अर्ज कर. पैसे मागावे लागतील, ते मागायचे."

मला खरंच तेच शिकायचं होतं. आमच्या विहिरीचं पाणी फेब्रुवारीत कुठं जातं, हे मला लहानपणापासून पडलेलं कोडं. इतर मुली विहिरीत वाकून हाक मारायच्या आणि घुमलेला आवाज ऐकायच्या. मी खडे टाकून पाणी किती खाली गेलं ते मोजायची. अर्जासोबत एक निबंध लिहायचा होता. मी त्या विहिरीवर लिहिला. पाणी एकेक पायरी खाली जातं, मग शेवाळ वाळून खपल्या पडतात, मग तळाशी कुणाची तरी हरवलेली घागर दिसते, असं सगळं. सरांनी तो वाचला आणि डबा तसाच ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सर्वांत मोठी दाद आहे, तिच्यानंतर फारशी मिळालीही नाही.

दिवाळीच्या आधी अण्णा फराळाचे डबे घेऊन सांगलीला आले तेव्हा सरांनी त्यांना समोर बसवून 'हो की नाही' समजावून सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्हाईच म्हणूया."

"का ओ?"

"सर, आपल्यात कुणी जेवता का म्हणून इचारलं तर मानूस लगीच ताटावर बसतंय व्हय? आदी न्हाई म्हणायचं. मग ती म्हणत्यात, आवं आसं कसं, दोन घास खावा. मग बसायचं. पोरीची हुशारी बगितली की ती आपनहून द्यायची म्हणतील की."

सर हसले नाहीत. "आवं, तो फॉर्म आग्रह करत न्हाई," एवढंच म्हणाले.

अण्णांच्या या 'न्हाई'चं मूळ मला माहीत होतं, कारण ते माझ्यातही होतं. वडूजच्या शाळेत वर्षातून एकदा क्लार्क यादी घेऊन वर्गात यायचे आणि म्हणायचे, "स्कॉलरशिपवाल्यांनी उभं ऱ्हावा." माझ्या बाकावरची उज्ज्वला उभी राहायची. यादी वाचून होईपर्यंत ती पाचसात मुलं उभी, आणि आम्ही बाकीचे बसलेलो. आमच्या घरात आणि त्यांच्या घरात खाण्यापिण्याचा फारसा फरक नव्हता. तिची आई आणि माझी आई एकाच शेतावर कांदे काढायला जात, फक्त माझी आई 'मदतीला' जायची. पण मी बसलेली असायची. बसून राहण्याचा एक माज असतो, तो मला सहावीतच चढला होता. उज्ज्वला कधी माझ्याकडं वळून बघायची नाही. मी मात्र बघायची. आज त्याची लाज वाटते आणि ती वाटायला मी फार वर्षं लावली.

शेवटी सरांनी अण्णांना वळवलं. 'हो' वर खूण झाली. आणि मग तो दुसरा फॉर्म आला, ज्याची सरांनाही नीट कल्पना नव्हती. घरचं सगळं विचारणारा. घर केवढं, किंमत काय, जमीन किती, कसली, वर्षाचं उत्पन्न किती, घरात आणखी कुणाचं काय. दिवाळीच्या सुट्टीत मी वडूजला होते. दुकानात बायोडाटावाल्यांची गर्दी सुरू झाली होती. अण्णा म्हणाले, "तू आत जा, च्या टाक. ह्यो माजा धंदा हाय, मी भरतो."

काय भरलं असेल, हे आता सांगायला नको. तीन एकर बागायत. घर दुमजली, आरसीसी, आणि त्याची किंमत ओळखीच्या एका इंजिनियरकडून सही-शिक्क्यासह आणलेली. शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, त्यामुळं तिथं किती लिहायचं हे विचारायला कुणी येत नाही. तिथं अण्णांनी हात सैल सोडला. धाकट्या चुलत्यांचा विट्याला असलेला प्लॉट सामायिक म्हणून आमच्यात आला. आई दारात उभी राहून म्हणाली, "आवं, पैसं मागायचा कागुद हाय न्हवं ह्यो? मग कशाला एवडं?"

"तुला काय कळतंय? बँक कर्ज कुणाला देती? ज्याच्याजवळ हाय त्याला. मोकळ्या घरात पैसं कोन घालतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी अण्णांवर पुष्कळ वर्षं दात धरून होते, पण हे वाक्य मला कधी खोडता आलं नाही. त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं ते हेच. ज्याची मोटारसायकल दारात त्याला सोसायटी उधारी देते, ज्याच्या गळ्यात चेन त्याला चहा आधी मिळतो. उघड्या माणसाला उघडा म्हणून कुणी काही दिल्याचं त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. पृथ्वीच्या पाठीवर कुठंतरी एक फॉर्म असा असेल, की ज्यात आपली विहीर कोरडी आहे हे लिहिल्याबद्दल काही मिळतं, हे त्यांना कुणी आणि कसं पटवायचं होतं? फक्त एवढंच, की मूठ झाकलेली असली म्हणजे तिच्यात कुणाला काही ठेवताही येत नाही.

बारावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात पत्र आलं. होस्टेलशेजारच्या नेटकॅफेत मी ते उघडलं. प्रवेश मिळाला होता. विहिरीवरच्या निबंधाचा त्यांनी मुद्दाम उल्लेख केला होता, तो पाण्याच्या पायऱ्यांचा. मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि तिथल्या पंख्याकडं बघत राहिले. मग खाली दुसरं पत्र होतं, पैशांच्या ऑफिसचं. तुमच्या कुटुंबानं दिलेल्या माहितीनुसार तुम्हाला मदतीची गरज दिसत नाही. पुढं चार ओळी अभिनंदनाच्या.

एकाच कॉलेजात दोन टेबलं. एका टेबलावर आमची विहीर आटलेली होती, तिच्यासाठी त्यांनी मला बोलावलं. दुसऱ्या टेबलावर तीच विहीर भरून वाहत होती. त्या दोन टेबलांवरच्या माणसांनी एकमेकांना एकदा नुसतं विचारलं असतं तर, असं मी कितीदा मनात आणलं असेल. पण त्यांनी का विचारावं? आपल्याकडं वाचणारा वजाबाकी करतो. तिकडं माणसं लिहिलेलं खरं धरतात. एवढ्या साध्या गोष्टीवर माझं जाणं अडलं, आणि ही गोष्ट माहीत नसणं हा काही गुन्हा नव्हे, तरी शिक्षा पुरी झाली.

पत्राचा प्रिंट घेऊन मी वडूजला गेले. अण्णांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी 'गरज दिसत नाही' हे मला दोनदा वाचायला लावलं. "म्हंजी आपन खाऊनपिऊन सुकी हाय, आसं म्हंत्यात ती?" असं विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी विसरू शकत नाही. पडायच्या आधी एक क्षण तो चेहरा उजळला होता. सातासमुद्रापलीकडच्या साहेबानं त्यांना बागायतदार मानलं होतं. मग अर्थ डोक्यात उतरला आणि ते लॅमिनेशनचं यंत्र उगाच पुसत बसले.

मगदूम सर म्हणाले, "अजून मुदत आहे. त्यांना लिही, माहिती चुकीची गेली, खरी अशी अशी. ऐकतात कधीकधी." आई म्हणाली, "लिही गं बाई." अण्णा म्हणाले, "लिही. माजा बाप खोटारडा हाय म्हणून लिही." मी ते पत्र लिहायला घेतलं, तीन ओळी झाल्या, आणि थांबले. बापाची अब्रू राखायला थांबले असं मी सगळ्यांना सांगत आले. सरांनाही तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि भाकरी मोडली.

सांगलीतच बीएस्सी, एमएस्सी झालं. पाणी सुटलं, फिजिक्स हातात राहिलं. पैशांचं पत्र कुठं गेलं माहीत नाही, पण प्रवेशाचं पत्र अण्णांनी लॅमिनेट करून दुकानात टांगलं, ते अजून आहे. कडेनं पिवळं पडलंय. पुढं माझं स्थळ बघायची वेळ आली तेव्हा माझा बायोडाटा त्यांनी स्वतः केला. शिक्षणाच्या खाली एक ओळ होती : अमेरिकेतील विद्यापीठात निवड, घरगुती कारणास्तव गेली नाही. वाचणाऱ्यांनी नेहमीप्रमाणे वजाबाकी केली. बघायला आलेल्या एका बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवत विचारलंही, "निवड खरंच झाली हुती का गं?" माझ्या सगळ्या बायोडाटात तेवढीच एक ओळ खरी होती.

काल दुपारी अस्मिताचे वडील आले. ड्यूटी संपवून, खाकीतच. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात उत्पन्नाचा दाखला, पगाराच्या पावत्या, घराची भाडेपावती, सगळं एकावर एक नीट लावलेलं. मी पाणी विचारायच्या आत त्यांनी ते टेबलावर मांडलं. "कागदाचं भ्या न्हाई मॅडम," ते म्हणाले. "आमच्यात फॉरम भरायची लाज कुणालाच न्हाई. माझा बा स्कॉलरशिपच्या रांगेत उभा ऱ्हायला, म्हणून मी कंडक्टर झालो. मी उभा ऱ्हायलो, म्हणून ही हितवर आली. पर ही म्हंती, मागितलं तर घ्यायचीच न्हाईत. आता सांगा, करायचं काय?"

मी त्यांना सगळं समजावलं. कुठल्या कॉलेजात काय पद्धत, हो म्हटलं तर काय, नाही म्हटलं तर काय. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग सहज, अगदी सहज, त्यांनी विचारलं, "तुमचीबी निवड झाल्ती म्हणं तिकडं. तुमी मागितली हुती का मदत?"

"नाही," मी म्हणाले. "आम्हाला तशी गरज नव्हती."

किती गुळगुळीत निघालं ते तोंडातून! एकही अक्षर अडखळलं नाही. अण्णांची बोटं कीबोर्डवर अशीच चालायची.

कंडक्टर मुलीकडं वळले. "आइकलंस? मॅडमनीबी न्हाईच म्हटलं हुतं, आन् घेतलं का न्हाई त्यांनी? आपनबी न्हाई म्हणूया. आदी गाडीत तर चढू. तिकिटाचं मागनं बगता येतंय." आयुष्यभर चढू देणाऱ्या आणि मागून तिकीट फाडणाऱ्या माणसाचा हिशेब होता तो. अस्मितानं लॅपटॉप पुढं ओढला. तिला तो निर्णय आवडला होता हे मला दिसलं. 'नाही' म्हणताना माणूस जरा ताठ बसतो. तीही बसली.

आणि मला आमचं दुकान दिसलं. चहा टाकून मी बाहेर आले होते त्या दिवशी. अण्णा गिऱ्हाइकाशी बोलत होते आणि म्हणाले, "एकदा बगून घे, मग धाड." मी बघितलं होतं. वरपासून खालपर्यंत सगळा फॉर्म मी वाचला होता. जमिनीच्या रकान्यात बागायत लिहिलंय हे वाचलं होतं, आणि त्याच आठवड्यात माझा कोरड्या विहिरीचा निबंध पाठवून झाला होता. मला इंग्रजी येत होतं, मला तो प्रश्न कशासाठी आहे हे कळत होतं. पण स्क्रीनवर आमचं घर इतकं छान दिसत होतं. दोन मजले, बागायत, सामायिक प्लॉट. तसल्या घरातली मुलगी व्हायला मला आवडलं. बटण मी दाबलं. तीन ओळींवर पत्र थांबलं ते अण्णांच्या अब्रूसाठी नाही; चौथ्या ओळीत 'मी वाचलं होतं' असं लिहावं लागलं असतं म्हणून थांबलं. आणि मग सगळा राग त्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावर टाकून मी मोकळी झाले होते.

स्क्रीनवर अस्मिताचा बाण 'नाही'च्या चौकोनावर आला होता.

"थांब," मी म्हणाले.

दोघं माझ्याकडं बघायला लागले. क्लासात मी नीट, छापील मराठी बोलते; इतक्या वर्षांत मुलांनी माझ्या तोंडून दुसरं काही ऐकलेलं नाही. पण त्या क्षणी ती भाषा सापडेना. मी कंडक्टरांची पिशवी जवळ ओढली आणि उत्पन्नाचा दाखला सगळ्यांत वर ठेवला.

"मी खोटं बोलले दादा," मी म्हणाले. "मागितली हुती मदत. खोटं लिहून मागितली. तीन एकर हाय आमची, सगळी जिरायत. पाणी न्हाई तिला."